कुसुमबाईंची बोलण्याची खोली

करंजटोल्याच्या सार्वजनिक वाचनालयात कोणी खोकलं की कुसुमबाई शहारे चष्म्यावरून त्याच्याकडे बघत. दुसऱ्यांदा खोकलं की पाण्याचा पेला आणून समोर ठेवत. तिसऱ्यांदा खोकलं की म्हणत, "बाहेर ओटा आहे." मी शाळेतून निवृत्त झालो त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून रोज सकाळी तिथे पेपर वाचायला जातो. या नऊ वर्षांत मला तीनदा ओट्यावर जावं लागलं. एकदा खोकल्यामुळे, दोनदा राजकारणामुळे.

त्यांच्या शांततेला एकच शत्रू पुरून उरला होता, तो म्हणजे बिरसीच्या वैमानिक शाळेचं विमान. एखादं शिकाऊ पोरगं ते घेऊन आमच्या धानाच्या बांध्यांवर घिरट्या घालायला लागलं की कुसुमबाई खिडकीशी जाऊन वर बघत उभ्या राहत. त्याला ओट्यावर कसं पाठवावं हे त्यांना सुचत नसे.

हे वाचनालय त्यांच्या सासऱ्यांनी बुद्धविहाराच्या बाजूच्या खोलीत सुरू केलं होतं, एका पत्र्याच्या पेटीवर. कुसुमबाई लग्न होऊन आल्या तेव्हा दहावी पास होत्या. सासऱ्यांनी त्यांना पहिल्याच आठवड्यात पेटीतली पुस्तकं विषयवार लावायला सांगितली. पुढे त्यांनी गोंदियाला जाऊन ग्रंथपालाची परीक्षा दिली. वाचनालय ग्रामपंचायतीच्या आवारात दोन खोल्यांत आलं, समिती झाली, अध्यक्ष झाले, मी सचिव झालो. नवरा गुलाब आमगावच्या राईस मिलमध्ये आणि कुसुमबाई वाचनालयात, असा त्यांचा संसार. गुलाबभाऊ म्हणतात, "मिलचा आवाज बरा. घरी आलो की ही मले शांतता राखाले सांगते."

त्यांचा एक नियम मात्र कुठल्याच पाटीवर लिहिलेला नव्हता. कोणी कोणतं पुस्तक नेलं ते त्या कोणालाही सांगत नसत. गावातल्या एका प्रतिष्ठित माणसाने दारू सोडण्याच्या उपायांचं पुस्तक पेपरात गुंडाळून नेलं होतं. त्याची बायको विचारायला आली, "आमच्या यायनं कोणतं पुस्तक नेलं?" कुसुमबाई म्हणाल्या, "पुस्तक नेलं, हे खरं. आठ दिवसांत वापस येईल, हेबी खरं." बायको एवढ्यावरच परत गेली. त्या माणसाचं नाव मला माहीत आहे, पण ते कुसुमबाईंकडून कळलेलं नाही. पुस्तक परत आणताना त्याने स्वतःच मला पाजायचा आग्रह केला होता.

दोन वर्षांपूर्वी, मोहफुलं पडायच्या दिवसांत, एका गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास दुर्पता उईके नवऱ्याला हाताला धरून वाचनालयात आली. जंगलाच्या अंगाला असलेल्या टोल्यात, म्हणजे छोट्या वस्तीत, त्यांचं घर. तिचा नवरा चैतराम, वय पासष्टच्या पुढे, अंगाने काटक. पण त्या दिवशी तो भिंतीला हात लावत चालत होता.

"बाई, जरा बसू द्या जी," दुर्पता म्हणाली. "आशाताईनं मोबाईलवर डाक्टर लावून देल्ला. नंबर लागला आहे. घरी टावर नाई भेटत. तुमच्या इथं वायफाय आहे मनते."

आमच्या गावात मोबाईलला रेंज मिळते ती फक्त पाण्याच्या टाकीवर चढल्यावर. पण ग्रामपंचायतीत तारेचं इंटरनेट आलं होतं आणि ते वाचनालयापर्यंत पोचत होतं. दुर्पता म्हणत होती ती आशाताई म्हणजे अल्का, आमची आशा कार्यकर्ती. तिने दुर्पताच्या फोनवर सरकारी ॲप टाकून दिलं होतं. त्यावर नंबर लागला की कुठला तरी डॉक्टर पडद्यावर येतो, तपासतो, औषधाची चिठ्ठी फोनवरच पाठवतो.

"बसा," कुसुमबाई म्हणाल्या. "पण बोलाचं हळू."

दुर्पताने मान हलवली. बिचारीकडून नवऱ्याची खोड सांगायची राहिली. चैतरामला वर्षभरापासून ऐकू येणं कमी झालं होतं, आणि ज्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही तो साऱ्या गावाला ऐकवतो.

फोन वाजला. पडद्यावर एक तरुण डॉक्टरीण आली. भाषेवरून पुण्याकडची असावी.

"नमस्कार बाबा. काय त्रास होतोय?"

"आँ?"

"काय होतंय तुम्हाला?"

"चैतराम!" तो गरजला. "चैतराम सोनू उईके! करंजटोला!"

पोलीस भरतीचा अभ्यास करणाऱ्या तीन पोरी कोपऱ्यातल्या टेबलावर बसल्या होत्या. तिघींनी एकदम पुस्तकं तोंडासमोर धरली.

"त्याइले भवर येते जी," दुर्पताने मधे तोंड घातलं. "आन् टोंगळे दुखून राहिले."

"भवर?" डॉक्टरीण गोंधळली. "म्हणजे अंगावर काही उठलंय का? आणि टोंगळे कुठे असतात?"

"दोनी पायाले," दुर्पता म्हणाली. ही माहिती बरोबर होती, पण पुरेशी नव्हती.

"बरं. बाबांना शौचाला व्यवस्थित होतं का?"

दुर्पता नवऱ्याच्या कानाशी ओरडली, "संडास कसा आहे, मनते!"

"बांधून देल्ला!" चैतराम पडद्याकडे बघून ओरडला. "पण दार नाई लावलं अजून! साल झालं!"

तिन्ही पोरींची पुस्तकं थरथरायला लागली. मीही पेपरचं मधलं पान चेहऱ्यावर ओढून घेतलं. कुसुमबाई खुर्चीतून उठल्या. आता ओट्याचा हुकूम सुटणार, अशी माझी खात्री होती. त्या टेबलापाशी आल्या, फोनवर वाकल्या आणि त्यांच्या त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "मॅडम, भवर म्हणजे चक्कर. टोंगळा म्हणजे गुडघा. आणि यांना ऐकायला कमी येतं."

"अहो, थांबा! जाऊ नका!" डॉक्टरीण म्हणाली. "तुम्ही कोण?"

"ग्रंथपाल."

"कोणत्या रुग्णालयातल्या?"

"वाचनालयातल्या."

चैतराम चौथीपर्यंत शिकलेला होता. कुसुमबाईंनी जुन्या सूचीकार्डांचा गठ्ठा आणला आणि डॉक्टरीण विचारेल तो प्रश्न कार्डाच्या कोऱ्या बाजूवर ठसठशीत अक्षरात लिहून त्याच्यापुढे धरायला लागल्या. वरच्या कोपऱ्यात आधीच लिहून ठेवलं होतं, "तोंडानं नाही, बोटानं सांगा." चक्कर किती दिवसांपासून? चार बोटं. दिवस? मान आडवी. महिने? मान उभी. कान दुखतो? डाव्या कानाला हात. वीस मिनिटं तपासणी चालली आणि वाचनालयात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. शेवटी डॉक्टरीण म्हणाली की गोळ्या लिहून देते, पण कान आणि रक्तदाब प्रत्यक्ष बघून घ्यायला हवा, उद्याच आमगावच्या सरकारी दवाखान्यात न्या.

दुसऱ्या दिवशी नेलं. डाव्या कानातून चिंचोक्याएवढा मळ निघाला, उजव्यातून त्याहून मोठा. चक्कर थांबली. रक्तदाबाची गोळी सुरू झाली ती आजही चालू आहे.

आठवड्याने चैतराम कुसुमबाईंना नमस्कार करायला आला. खुर्चीवर बसला, हात जोडले, आणि इतक्यात भरतीवाल्या एका पोरीने पुस्तकाचं पान उलटलं. चैतरामने दचकून तिकडे पाहिलं.

"केवढ्यानं उलटवतेस वो बाई!" तो कुजबुजला. "जरा हळू."

कुसुमबाईंनी त्याला त्याच क्षणी सभासद करून घेतलं. असा वाचक मिळावा म्हणून त्यांनी तीस वर्षं वाट पाहिली होती.

पुढच्या गुरुवारी सहा जण फोन घेऊन आले. त्याच्या पुढच्या गुरुवारी अकरा. वाचनालयाचा बाजार झाला. एकजण जीभ बाहेर काढून बसलाय, दुसरा पाठ उघडी टाकून फोनसमोर उभा आहे, आणि पेपर वाचायला आलेली माणसं पेपर सोडून पाठ बघताहेत. कुसुमबाईंनी अल्काला बोलावलं.

"हे वाचनालय आहे, अल्का. उपकेंद्र काऊन नाई चालत तुले?"

"बाई, तिथं टावर नाई. आन् टावर राहिला तरी बाया तिथं बोलत नाईत." अल्का खाली बसली. "नर्सबाई कोणाची तरी मावसबहीण, मी कोणाची तरी सून. पोटाच्या खालचं काई दुखलं तर बाई म्हणते, डोस्कं दुखते. मी डोस्क्याची गोळी देतो. तुमच्या जवळ बोलतीन."

"माह्या जवळ काऊन?"

"तुमी कोणाचं पुस्तक सांगत नाई ना, म्हणून."

कुसुमबाई दोन दिवस गप्प होत्या. म्हणजे नेहमीपेक्षाही गप्प. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "गुरुजी, मागच्या खोलीतले जुने पेपर कोण वाचते?"

"कोणीच नाही."

"मंग ते कायले आरामात राहून राहिले, आन् माणसं ओट्यावर?"

मागच्या खोलीत अकरा वर्षांचे पेपर होते. ते आम्ही शाळेला कागदकामासाठी दिले. खोली झाडली. जिल्ह्याहून आलेला एक संगणक दोन वर्षांपासून भरतकामाच्या रुमालाखाली झोपला होता, त्याच्यावरचा रुमाल काढला. अल्काकडून कुसुमबाई ते ॲप शिकल्या. फोनवर आलेला आकडा कुठे टाकायचा, नंबर कसा लावायचा, चिठ्ठी कागदावर कशी छापायची, सगळं वहीत क्रमाने लिहून घेतलं. दाराला जाड पडदा, आतून कडी. बाहेर पाटी लागली, "बोलण्याची खोली. दर गुरुवारी. एका वेळी एक माणूस." आणि खाली बारीक अक्षरात, "बाहेरून ऐकण्यास सक्त मनाई."

दारावर आणखी एक कागद होता, लाल अक्षरांचा. छातीत कळ, श्वास लागणं, साप, बाळंतपणाच्या कळा, यासाठी खोली नाही. आधी १०८ लावा. एकदा छातीवर हात धरून आलेल्या माणसाला त्यांनी खोलीच्या उंबऱ्यावरूनच परत फिरवून गाडीत बसवलं होतं. तो म्हणत होता, "आधी डाक्टरले दाखवतो ना." त्या म्हणाल्या, "डाक्टर पडद्यातून हात बाहेर काढू शकत नाई. चला." तो वाचला, आणि आता गावभर सांगतो की कुसुमबाईंनी त्याला वाचनालयातून हाकलून दिलं.

सगळ्यात मजेचा होता तो पुठ्ठा. ॲपवर दर वेळी वेगळा डॉक्टर येतो. कोणी कोल्हापूरचा, कोणी नाशिकचा. आमची बोली त्यांना कुठून कळणार? कुसुमबाईंनी एका पुठ्ठ्यावर शब्दांची यादीच केली. डोस्कं म्हणजे डोकं, टोंगळा म्हणजे गुडघा, हिव म्हणजे थंडी, भवर म्हणजे चक्कर. संगणकाच्या कॅमेऱ्यासमोर तो आधी धरायचा, मग माणूस बसवायचा. रोगी एकटाच आत असेल तर तो पुठ्ठा मांडीवर घेऊन बसायचा. तरीही एकदा घोटाळा झालाच. एका म्हातारीने पथ्य विचारताना सांगितलं, "मी रोज भाजीत सांबार टाकतो." डॉक्टर कौतुकाने म्हणाला, "अरे वा, तुमच्याकडेही इडली करतात?" म्हातारी बाहेर येऊन म्हणाली, "चांगला डाक्टर होता, पण त्याले सांबार मालूम नाई. काय शिकला असंन?" पुठ्ठ्यावर नवा शब्द चढला: सांबार म्हणजे कोथिंबीर.

अशी वर्षभर खोली चालली. बायका जास्त येत. पुस्तक बदलायचं निमित्त करून येत आणि जाता जाता खरोखरच पुस्तक बदलून नेत. सभासद वाढले. कुसुमबाई आत कधी थांबत नसत. रोग्याने हाक मारली तरच जात, शब्द सांगून बाहेर येत. आत काय झालं ते आतच राहत असे.

इथेच योगराज बिसेन यांचं बिनसलं. योगराज आमच्या समितीचे अध्यक्ष. माणूस वाईट नाही, पण गावातली कुठलीही गोष्ट आपल्याला शेवटी कळली तर त्यांना जेवण जात नाही. त्यांची सून प्राची, माहेर तिरोड्याचं, लागोपाठ चार गुरुवार त्या खोलीत जाऊन आली. कोणीतरी ते योगराजना सांगितलं. ते थेट कुसुमबाईंच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"सूनबाईले काय झालं?"

"तिले विचारा."

"ते सांगत नाई, म्हणून तर तुमाले विचारून राहिलो."

"मंग माह्याजवळबी तेच उत्तर आहे."

"मी अध्यक्ष आहो!"

"हळू बोला," कुसुमबाई म्हणाल्या. "ओटा बाहेर आहे."

अध्यक्षाला ओट्यावर पाठवणं हे आमच्या वाचनालयाच्या इतिहासात पहिल्यांदाच घडत होतं. योगराज ओट्यावर गेले नाहीत, घरी गेले आणि समितीची सभा लावली. विषय एकच, वाचनालयात दवाखाना चालवणे योग्य किंवा कसे.

रविवारी सकाळी आम्ही सातजण जमलो. योगराज चांगलं बोलतात. सरकारने वाचनालय वाचण्यासाठी दिलं, तपासणीला अधिकारी आले तर काय सांगायचं, असं सगळं रीतीने मांडलं. मग हळूच मुद्द्यावर आले.

"आन् खोलीचं रजिस्टर आहे. वाचनालयाच्या हरेक रजिस्टरवर समितीचा अधिकार आहे. कोण आलं, कायले आलं, सभेले समजलं पाहिजे. बाई, वाचून दाखवा."

कुसुमबाईंनी लाल कापडी बांधणीचं रजिस्टर टेबलावर ठेवलं आणि चष्मा पुसला. पुसायला त्यांना बराच वेळ लागला.

"वाचतो ना," त्या म्हणाल्या. "पण नियमानं पहिल्या पानापासून वाचा लागन. मंधातलं एकच पान वाचणं बरोबर नाई. मागच्या साली एप्रिलपासून सुरू करतो."

त्यांनी रजिस्टर उघडलं.

सभेत हिमांशू पटले होते, वय तीस, गावातले पहिले ट्रॅक्टरवाले. त्यांच्या हातातला चहाचा कप ओठांशी पोचायच्या आधीच थांबला. त्यांच्या शेजारी बसलेले एक सदस्य छताकडे बघायला लागले. आणखी एकाला एकाएकी आठवलं की वावरातली मोटार चालू राहिली आहे. आणि मी, सभेचा सचिव, मागच्या जूनचा दुसरा गुरुवार आठवून बसलो होतो. मी त्या खोलीत कशासाठी गेलो होतो ते इथे लिहायची गरज नाही. एवढं सांगतो की सायकलवर बसणं अवघड झालं होतं.

"एप्रिल, तारीख चार," कुसुमबाई म्हणाल्या आणि पानावर बोट ठेवलं. "पहिलं नाव..."

"थांबा, थांबा!" हिमांशूने कप खाली ठेवला. "अध्यक्ष साहेब, एवढं वाचाची काय गरज आहे? टाइम किती जाईल!"

"बरोबर," छताकडे बघणारे म्हणाले.

"लोकायची खाजगी गोष्ट आहे," मोटारवाले म्हणाले आणि पुन्हा बसले. "मी तर म्हणतो ठराव करा, हे रजिस्टर कोणालेच दाखवाचं नाई. अध्यक्षालेबी नाई."

योगराज एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांना कळेना की कालपर्यंत आपल्या बाजूचे असलेले लोक असे काऊन फिरले. साऱ्या समितीत त्या खोलीत पाऊल न टाकलेले ते एकटेच होते, आणि ते त्यांना माहीत असायचं काही कारण नव्हतं.

हात वर झाले. सहा विरुद्ध एक. मी इतिवृत्तात लिहिलं, "बोलण्याच्या खोलीचे रजिस्टर न वाचण्याचे बहुमताने ठरले." त्या दिवशी माझं अक्षर फार सुंदर आलं होतं.

सगळे गेल्यावर मी कुसुमबाईंना म्हणालो, "बाई, हे बरोबर नाही केलंत. आम्ही थांबवलं नसतं तर तुम्ही वाचलं असतं?"

त्यांनी रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. पहिल्या पानावर होतं, "४ एप्रिल. बाई १, पुरुष १." त्याखाली, "११ एप्रिल. बाया ३." पानंच्या पानं तसंच. तारखा आणि आकडे. नाव एकही नाही.

"नाव लिहिलंच नाई, तर वाचणार काय?" त्या म्हणाल्या.

"पण तुम्ही तर 'पहिलं नाव' म्हणालात!"

"म्हटलं. पुढं काय म्हणावं याचाच विचार करून राहिली होती, तर हिमांशूनं वाचवलं." आणि तोंडावर पदर धरून त्या हसल्या. मोठ्याने हसल्या. मी तर म्हणेन की ओट्यावर जाण्याइतकं मोठ्याने.

पण लगेच गंभीर झाल्या. म्हणाल्या, रात्रभर झोप लागली नव्हती. खोली बंद झाली असती तर त्या बायांना काय सांगितलं असतं? एकेकीने आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडलं होतं. आणि योगराजशी वाकडं नको होतं, कारण वाचनालयाला पक्की इमारत मिळावी म्हणून पंचायतीत भांडणारे तेच होते. हे खरं आहे. मीही ते विसरलो नव्हतो.

प्राची पुढचेही गुरुवार येत राहिली. तिला काय झालं होतं ते मला आजही माहीत नाही. दिवाळीनंतर तिच्या चेहऱ्यावर तजेला आला एवढं दिसलं. एका गुरुवारी तिची सासू दुर्गेश्वरीही तिच्यासोबत आली आणि बाहेर बसून आरोग्यावरचं एक पुस्तक चाळत राहिली. सुनेने घरी स्वतःहून सांगितलं असावं. ज्याला सांगायचं त्याला, जेव्हा वाटलं तेव्हा.

योगराज मात्र काही महिने वाचनालयाकडे फिरकले नाहीत. मग जानेवारीत, थंडीच्या एका सकाळी, शाल पांघरून आले. वाचनालयात मी एकटाच होतो. माझ्याकडे न बघता ते कुसुमबाईंना म्हणाले, "अध्यक्ष म्हणून खोलीची पाहणी कराची आहे."

"करा ना," कुसुमबाई म्हणाल्या. "संगणक चालू करून देऊ?"

"संगणकाचीबी पाहणी कराच लागन."

कुसुमबाई आत गेल्या, दोन मिनिटांनी बाहेर आल्या. आतून कडी लागली. बिरसीचं विमान वरून घुरघुरत गेलं. पडद्याआडून काही ऐकू येतं का, म्हणून मी कान टवकारले होते, हे कबूल करतो. पण काही कळलं नाही. पंचवीस मिनिटांनी योगराज बाहेर आले. हातात एक घडी केलेला कागद होता, तो त्यांनी शालीच्या आत सरकवला. "खोली ठीक आहे," एवढं बोलून निघून गेले.

मी पेपर खाली केला. "बाई, पाहणीला बराच वेळ लागला."

कुसुमबाईंनी रजिस्टर उघडून काहीतरी लिहिलं, मिटलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"गुरुजी," त्या म्हणाल्या, "पेपर वाचा."